बेदी होते, म्हणून?



पत्रिकेवर विषय छापलाय ‘माझी क्रिकेट कारकीर्द’. बोलतो. मुंबईकडून मोजके रणजी सामने, बाकी सगळी टाइम्स शील्ड, म्हणजे कचेऱ्यांच्या संघांची स्पर्धा. आम्हाला व्यावसायिक म्हणता हे कौतुक झालं. पगार कचेरीचा, क्रिकेटचा फक्त भत्ता. कांगा लीग, पावसातल्या खेळपट्ट्या हे तुम्ही शंभरदा ऐकलंय. सोडतो.

मला सांगायचंय ते एकच. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पॅडी शिवलकर यांना ‘दुर्दैवी’ म्हणणं बंद करा. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, कसोटी एकही नाही. यात दैव कुठून आलं? संघ माणसं निवडतात.

(मागून आवाज : ‘बेदी होते ना!’)

वाटच बघत होतो! बसा, बसा. बिशनसिंग बेदी थोरच, वादच नाही. पण एका संघात दोन डावखुरे फिरकीपटू चालत नाहीत हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? १९६८ साली न्यूझीलंडमध्ये आपण परदेशातली पहिली मालिका जिंकलो, ३-१. त्या मालिकेत बेदीही होते आणि तुमच्या नाशिकचे बापू नाडकर्णीही, दोघंही डावखुरे फिरकीपटू. (टाळ्या.) हां, बापूंचं नाव घेतल्यावर तरी टाळी आली! त्यांची ती सलग २१ निर्धाव षटकं तुम्हाला पाठ आहेत, पुढे जातो. प्रसन्ना आणि वेंकट, दोघंही ऑफस्पिनर, बरोबर खेळलेच की. मग नियम फक्त शिवलकर आणि हरयाणाच्या राजिंदर गोयल यांच्यापुरताच?

मद्रासच्या चेपॉक मैदानावरचं सांगतो, दोन मिनिटांत. १९७२-७३ची रणजी अंतिम लढत, समोर तमिळनाडू. खेळपट्टी अशी की पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळतोय. त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, म्हणजे सापळा आमच्यासाठीच. आमचे १५१. त्यावर त्यांना हसू आलं असेल. मग पॅडींनी १६ धावांत ८ बळी घेतले, तमिळनाडू ८० वर आटोपलं. दुसऱ्या डावात आम्ही ११३. ते ६१! पॅडींचे १८ धावांत ५, उरलेले पाच एकनाथ सोलकरांचे. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना खलास. तिकीट काढून आलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा. (हशा.)

मी त्या संघात नव्हतो. पण नेटमध्ये त्यांना खेळलोय. चेंडू डोळ्यांच्या वर चढायचा, वाटायचं, आला. आपण पाय पुढे टाकून मोकळे, आणि तो अजून यायचाच असायचा. मग बॅट कुठे, पॅड कुठे! मागे यष्टिरक्षक आधीच हसतोय. बाद झाल्यावर पॅडी काही बोलायचे नाहीत, चेंडूसाठी नुसता हात पुढे. विनू मांकडांनी या माणसाला हेरलं होतं. मांकडांना जे दिसलं ते...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे. दोन मिनिटांचं चेपॉक लांबलं खरं, पण ते कापायचं कुठे, तुम्हीच सांगा.

तर माझी कारकीर्द. मधल्या फळीत खेळायचो, स्लिपमध्ये उभा राहायचो, शतक एकदाही नाही. झाली. अजून चार मिनिटं आहेत ना? मग गोयल यांचे ७५० बळी घेऊ.