घोंगडी, केव्हलार आणि गोळी

म्हशाच्या यात्रेत घोंगडी घेताना आमची आजी ती दोन्ही हातांनी ताणून बघायची, वीण घट्ट आहे ना म्हणून. आजचा विषय तोच आहे: कापड गोळी अडवतं कसं?

केव्हलार १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलं. वजनाला वजन धरलं तर पोलादाच्या पाचपट मजबूत. गोळी बसली की धाग्यातून ताण सेकंदाला काही किलोमीटर वेगाने पळतो. उभे-आडवे धागे एकमेकांना ओढतात आणि मार एका जागी न राहता पसरतो. वीण सैल असेल तर गोळी धागे बाजूला सारून आरपार जाते.

पण हे पिस्तुलापुरतं बरं का! एके-४७ ची गोळी सेकंदाला ७०० मीटरच्या आसपास येते. तिला नुसतं कापड पुरत नाही, आत सिरॅमिकची किंवा पोलादाची प्लेट लागते.

२६/११ नंतर पोलिसांच्या जॅकेटांवरून आपल्याकडे खूप वाद झाला. म्हणून 'बुलेटप्रूफ' शब्द ऐकला की आधी विचारा, कुठल्या गोळीसाठी? ते जॅकेट घालणाऱ्याची घरी कोणीतरी वाट बघत असतं.

भेटू पुढच्या भागात!