विशेष अहवाल कशासाठी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आताच चिटणीसबाईंनी मंडळाचा वार्षिक अहवाल वाचला. वर्गणी किती जमली, हळदीकुंकू कधी झाले, शिवणवर्गाला किती जणी आल्या, हे सारे त्यात आले. तो वर्षाचा हिशेब. पण एकच प्रश्न हाती धरून, त्याच्या मुळाशी जाऊन जो लिहितात, तो विशेष अहवाल. त्याविषयी मी चार शब्द सांगणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नये.

असा अहवाल करताना आधी माणसांना विचारावे लागते. १८८२ साली हंटर आयोगाने शिक्षणाची चौकशी केली. जोतीराव फुल्यांनी त्याला निवेदन दिले, पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात, बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, असे रमाबाईंनी स्पष्ट सांगितले.

१९७१ साली केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीविषयी समिती नेमली. अध्यक्ष होत्या डॉ. फुलरेणू गुहा. अहवाल १९७४ चा. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० झाल्या. हे आकडे जनगणनेत होतेच. अहवालाने ते नजरेसमोर आणले.

१९८८ साली इलाबेन भट्ट यांच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल आला. विड्या वळणारी, फेरी करणारी, शेतात राबणारी बाई तिथे कामकरी म्हणून मोजली गेली. २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने स्त्रियांवरील अत्याचारांबाबत महिनाभरात अहवाल दिला आणि त्याच वर्षी कायदा बदलला. सगळ्या शिफारशी मात्र मान्य झाल्या नाहीत. वैद्याने नाडी पाहिली म्हणून ताप उतरत नाही, औषध पोटात जावे लागते.

आता आपले पाहू. आपल्या गल्ल्यांतल्या किती मुलींची शाळा मध्येच सुटली, हे आपल्यापैकी कोणी छातीठोकपणे सांगेल? माझी सुटली, ती कुठल्या कागदावर नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेल्या पोरी आपण रोज पाहतो.

माझी सूचना अशी. एकेका गल्लीला दोघीजणींनी जावे. वही न्यावी. मुलगी कितवीत थांबली, का थांबली, तिला पुन्हा जायचे आहे का, एवढेच विचारावे. आईला दोष देऊ नये, आणि कोणाचे नाव चारचौघांत घेऊ नये. दिवाळीपूर्वी सारे एकत्र लिहून शाळेच्या व्यवस्थापन समितीला द्यावे, एक प्रत मंडळात ठेवावी. महिन्याने काय झाले ते विचारायला पुन्हा जावे.

पुढच्या वर्धापनदिनी वार्षिक अहवालाशेजारी हाही वाचला जावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.