दोषी डास कोणता?



ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील श्रोत्यांना डासांविषयी मी नवे काय सांगणार, असे आपणांस वाटत असेल. परंतु रात्री कानाशी गुणगुणणारा गटारातला डास आणि आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो डास, हे दोन निराळे प्राणी आहेत.

२०२१ च्या जुलैअखेरीस पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी झिका विषाणूचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण सापडला. २०२४ साली पुणे शहरातही रुग्ण निघाले. त्यांत गरोदर स्त्रिया होत्या. मोठ्या माणसास झिकाने बहुधा थोडा ताप व पुरळ येते; पुष्कळांना तेवढेही होत नाही. पण आईला लागण झाल्यास गर्भातील मुलाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. २०१५ साली ब्राझीलमध्ये हे दिसून आले. पुण्याहून इकडे माणसे रोज येतात. त्यांच्याबरोबर विषाणू आला, तर तो पुढे नेणारा डास आपल्याकडे आहे काय?

डासाच्या अंगात विषाणू सापडला एवढ्याने तो दोषी ठरत नाही. रोग्याचे रक्त प्यायल्यावर तो पोटात सापडणारच! पोटाची भिंत ओलांडून विषाणू लाळेच्या ग्रंथींत पोचला पाहिजे. त्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तोवर ती मादी जगली पाहिजे, आणि मग तिने दुसऱ्या माणसाला चावले पाहिजे. म्हणून प्रयोगशाळेत डासांना विषाणू मिसळलेले रक्त पाजतात आणि काही दिवसांनी त्यांची लाळ तपासतात.

या परीक्षेत एडीस इजिप्ती पुरता दोषी ठरला. त्याचा भाऊबंद एडीस अल्बोपिक्टस हाही विषाणू नेऊ शकतो. गटारातल्या क्यूलेक्सवर ब्राझीलमध्ये संशय आला होता; पण बहुतेक प्रयोगांत झिका त्याच्या लाळेपर्यंत पोचला नाही. अर्थात तो साधू नव्हे. हत्तीरोग पसरवतो तो हाच.

हा निकाल कायमचा मात्र समजू नये. चिकुनगुन्याच्या विषाणूत एक बारीकसा बदल झाला आणि २००५-०६ साली रियुनियन बेटावर अल्बोपिक्टस त्याचा उत्तम वाहक बनला. म्हणून ही परीक्षा पुनःपुन्हा घ्यावी लागते.

आता हा इजिप्ती राहतो कोठे? आपल्या घरात! पिंपात, कुंडीखालच्या बशीत, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरात साठलेल्या पाण्यात तो वाढतो, आणि दिवसा चावतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही; आठवड्यातून एकदा भांडे आतून घासून कोरडे करावे आणि झाकावे.

गटारावर धूर मारला की आपणांस समाधान वाटते. त्या धुराने उडते डास काही मरतात; घरातल्या पिंपातील अळीला त्याचा पत्ताही नसतो. गटाराबद्दल नगरपालिकेकडे तक्रार जरूर करावी. पण पिंपाची तक्रार कोणाकडे करणार? आज घरी गेल्यावर प्रथम त्यात डोकावून पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.