चंचल मुलांचें अवधान

भामरागडापाशीं इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम होतो. श्रोत्यांनीं तेथील एखाद्या दहा वर्षांच्या माडिया मुलाची कल्पना करावी. गळ टाकून तो पाण्याकडे तासभर टक लावून बसतो. तोच मुलगा आश्रमशाळेच्या वर्गांत आला कीं पांच मिनिटांत चुळबुळूं लागतो, पाटी कोठें तरी विसरतो, आणि प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर देऊन मोकळा होतो. ‘नदीवर लक्ष लागतें, मग येथेंच कां लागत नाहीं? आळस, दुसरें काय!’ असा निवाडा होतो. नागपूर-चंद्रपुरांतील सुशिक्षित घरांतही निवाडा हाच. गळाच्या जागीं मोबाईलवरील खेळ असतो, इतकाच काय तो फरक.

हा निवाडा सयुक्तिक भासतो खरा. परंतु त्याच्या मुळाशीं अवधान सर्वत्र एकाच जातीचें असतें, अशी समजूत आहे. एक अवधान वस्तु आपण होऊन ओढून घेते. दुसरें प्रयत्नानें लावावें व टिकवावें लागतें. गळाची दोरी क्षणोक्षणीं हालते, आणि मासा लागला कीं फळ तत्काळ हातीं पडतें. पाढ्यांचें फळ सहामाही परीक्षेंत. वैद्यक ज्या अवस्थेला अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणतें, आणि शहरांत जी ए. डी. एच. डी. या आद्याक्षरांनीं ओळखली जाते, तींत हें दुसरें अवधान दुबळें असतें. मेंदूंतील डोपामीन व नॉरॲड्रेनलिन या द्रव्यांच्या व्यवहाराशीं तिचा संबंध आहे. दूरच्या फळाची ओढ अशा मुलास इतरांहून कमी वाटते.

मे महिन्यांत या दोन्ही जिल्ह्यांत तेंदूपानांचा हंगाम असतो. घरोघर सारीं माणसें पानें मोजून बांधावयास बसतात; महाराष्ट्रांत सत्तर पानांचा एक पुडा. असें मूल मोजूं लागलें, चाळिशीपर्यंत आलें, आणि अंगणांत कुत्रें भुंकलें कीं आंकडा गेला! पुन्हां पहिल्यापासून आरंभ. त्याला सत्तरपर्यंत मोजतां येत नाहीं असें नव्हे. हातांतील काम चालूं असतां मागचा आंकडा मनांत धरून ठेवणारी जी तात्पुरती स्मृति, ती त्याच्या ठायीं अपुरी पडते. आईनें दर दहा पानांमागें एक खडा बाजूस ठेवावयास सांगितलें, तर तेंच मूल पुडा पुरा करतें. मनांत जें राहत नाहीं तें डोळ्यांसमोर ठेवावें, ही युक्ति त्या खड्यांत आहे, आणि शाळेंतील पुष्कळसे उपाय याच जातीचे आहेत.

ही अवस्था मोबाईलनें जन्मास घातलेली नाहीं. लंडनचे वैद्य जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालींच अशा मुलांचें वर्णन आपल्या व्याख्यानांत केलें होतें. २००७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, मेंदूचें बाह्य आवरण सर्वाधिक जाड होण्याचें मध्यम वय इतर मुलांत सुमारें साडेसात, तर या मुलांत सुमारें साडेदहा वर्षें होतें. आनुवंशिकतेचा वांटाही मोठा आहे. अकाली जन्म व जन्मवेळचें अल्प वजन हींही कारणांपैकीं आहेत, आणि येथें गडचिरोलीचा विशेष संबंध येतो. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ गांवांत नवजात अर्भकांची घरींच शुश्रूषा करविली. तिचा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला. बालमृत्यु थोपविण्याचें तें थोर कार्य होय. वांचलेल्या अल्पवजनी बालकांपैकीं बहुतेक निकोप वाढतात. तथापि कांहींचें अवधान पुढें शाळेंत अडखळलें, तर त्यांस छडीनें वळण लावूं पाहणें अन्यायाचें होईल.

‘रानांत मोकळीं वाढलेलीं मुलें, त्यांना कसला आला आहे विकार!’ असेंही म्हटलें जातें. कित्येक विद्वान तर ही चंचलता शिकाऱ्याचा गुण होती असें सुचवितात. कल्पना रम्य आहे. परंतु ताडोब्याच्या आसपासच्या गांवांत पहांटे मोहफुलें वेंचावयास जाणाऱ्यांना वाघाचें भय असतें. तेथें सोबत सोडून एखाद्या पांखरामागें भटकणाऱ्या मुलाच्या आईला या गुणाचें कौतुक करण्यास सवड नसते.

उलट, चुळबुळणारें प्रत्येक मूल या वर्गांत ढकलणेंही तितकेंच घातक. घरीं गोंडी वा माडिया बोलणाऱ्या मुलापुढें पहिल्याच दिवशीं मराठी पुस्तक आलें, तर त्याचें लक्ष लागावें तरी कशावर? धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी माध्यमाची शाळा काढली. अशा ठिकाणीं मुलाच्या अवधानाची पारख अधिक न्यायानें होईल. रक्तक्षय, सिकलसेल, हिंवताप, कमी ऐकूं येणें, अपुरी झोंप, क्षणभर शुद्ध हरपणारी सौम्य अपस्मारी हीं सारीं आधीं तपासावीं लागतात. लक्षणें बारा वर्षांच्या आंत दिसलेलीं, सहा महिने टिकलेलीं, आणि घर व शाळा अशा दोन्हीं ठिकाणीं आढळणारीं हवींत. मुलींचें तर निराळेंच. त्या पुष्कळदां दंगा करीत नाहींत. खिडकीबाहेर पाहत मुकाट्यानें मागें पडतात, आणि कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

उपचार आहे. एका वेळीं एकच सूचना, कामाचे लहान तुकडे, पुढची जागा, मधून मधून फळा पुसण्यासारखें हालचालीचें काम, आणि शाबासकी तेथल्या तेथें. मिथाइलफेनिडेटसारखें औषध पुष्कळांना गुण देतें. पण तें तज्ज्ञाच्या देखरेखीखालींच घ्यावें, आणि मूल गप्प बसावें एवढ्यासाठीं तर मुळींच देऊं नये.

फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादींत ही अवस्थाही आहे. त्याचें पथक शाळेंत येतें तेव्हां डॉक्टरांपाशीं एका मुलासाठीं थोडीच मिनिटें असतात. शिक्षकानें ‘आळशी’ एवढाच शेरा दिला, तर त्यांना कांहींच उमगत नाहीं. त्याऐवजीं कोणत्या तासाला, कोणत्या कामावर, किती मिनिटें लक्ष टिकलें आणि तें कशानें सुटलें, अशी पंधरा दिवसांची टिपणी, आणि तिच्या जोडीला आईनें घरीं पाहिलेल्या चार गोष्टी, त्यांच्या हातीं द्याव्या.