शापाचे काय झाले? : नव्या गॉथिक प्रणयकादंबरीविषयी

(नेरडीगोंडा येथे मराठी शिक्षक आणि वाचक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका सहकाऱ्याने मला विचारले, ‘मॅडम, पडक्या वाड्यातल्या प्रेमकथांवर अकादमीच्या व्यासपीठावरून बोलण्यासारखे काय आहे?’ प्रश्न थट्टेचा होता, तरी त्याचे उत्तर द्यायला हवे. ते नेरडीगोंड्यातूनच सुरू करता येईल.

आपल्या या मंडलातच कडेम नदी सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. कुंतला धबधबा. हे नाव शकुंतलेवरून पडले आणि दुष्यंत तिला इथेच भेटला, असे लोक सांगतात. इतिहास म्हणून याचा आग्रह कोणी धरू नये. पण कथा कोणती निवडली गेली ते पाहा. रानात वाढलेली मुलगी, शिकारीला आलेला राजा, साक्षीदार नसलेले लग्न, आणि मग मोठ्या घराच्या दारात ‘मी हिला ओळखत नाही’ हे वाक्य. कालिदासाने या वाक्यामागे दुर्वासाचा शाप ठेवला आणि हरवलेली अंगठी ठेवली. राजा विसरला, त्यात त्याचा दोष नाही. महाभारतातल्या मूळ उपाख्यानात मात्र शाप नाही आणि अंगठीही नाही. तिथल्या दुष्यंताला सगळे आठवते. आठवत असूनही तो नाही म्हणतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाचा शाप काव्य म्हणून सुंदर आहे, पण त्याने राजाची सुटका केली, हेही खरे.

गेल्या ५०-६० वर्षांत गॉथिक प्रणयकादंबरीत जे नवे घडले, ते मला या एका फरकात दिसते. जुन्या कादंबरीत घराला शाप असायचा. नवी कादंबरी शाप बाजूला करते आणि विचारते : इथे नेमके कोणी काय केले होते, आणि त्यातून कोणाचा फायदा झाला?

‘गॉथिक’ या शब्दाविषयी थोडक्यात सांगते. होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ प्रसिद्ध केली, आणि दुसऱ्या आवृत्तीवर स्वतःच ‘गॉथिक कथा’ असे छापले. त्यात लग्नाच्या दिवशी आकाशातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडते आणि नवरदेव चिरडला जातो. मग त्याचा बाप सुनेशीच लग्न करायला निघतो. हसू येईल असाच प्रकार आहे. पण त्या किल्ल्याचा मालक किल्ल्याचा खरा वारस नाही, हे कथेच्या मुळाशी आहे. म्हणजे सुरुवातीपासूनच हे भूत मालमत्तेच्या भांडणातून आलेले आहे. पुढे अॅन रॅडक्लिफने हा किल्ला एकट्या तरुणीच्या नजरेतून दाखवला, १८४७ च्या ‘जेन आयर’ने त्याचे घर केले आणि माळ्यावर पहिली बायको कोंडली, आणि १९३८ च्या ‘रेबेका’ने त्या पहिल्या बायकोला मरणानंतरही घरात वावरू दिले. ‘रेबेका’वरून आपल्याकडे १९६४ मध्ये ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपट निघाला; तो पाहिलेले इथे काही जण असतील.

मराठीत ही वाट लवकर आली. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. त्यांना आपण अद्भुतरम्य म्हणतो आणि परीक्षेपुरत्या वाचतो. मी माझ्या प्रबंधासाठी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या आणि खरे सांगायचे तर कंटाळाही आला. अधिक मोलाची गोष्ट पुढे घडली. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ ची. ती रेनॉल्ड्सच्या रहस्यकादंबरीवरून सुचलेली होती. त्या काळी रेनॉल्ड्स इकडे फार वाचला जाई. त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिली. आपण तिला सामाजिक कादंबरी म्हणून शिकवतो. एकदा ती गॉथिक म्हणून वाचून पाहा. कथा सांगणारी एक तरुण स्त्री, सासरचे घर, तिथे ज्याच्या पावलांची धास्ती वाटते असा शंकरमामंजी, मधे मुंबईत प्रेमळ नवऱ्याबरोबरचा मोकळा काळ, त्याचा मृत्यू, आणि मग परत त्याच घरात बळजबरीने झालेले केशवपन. भूत कुठेही नाही. तरीही मराठीत इतके भयंकर घर मी दुसरे वाचलेले नाही. शापाशिवायचे गॉथिक हरिभाऊंना तेव्हाच सापडले होते, असे माझे मत आहे.

मग पुढे काय झाले? आपल्याकडे भय आणि प्रणय यांची वाटणी झाली. प्रणय एका कपाटात गेला, भय दुसऱ्या. नारायण धारपांनी भयकादंबरीला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, रत्नाकर मतकरींनी गूढकथेला मनाचे तळघर दिले. दोघांचेही ऋण मी मानते. पण धारपांच्या समर्थांच्या कथा आठवा : संकट घरावर येते आणि बाहेरून एक जाणता पुरुष येऊन ते निवारतो. घरातली बाई बहुतेक वेळा भोगणारी असते. घर वाचण्याचे काम, म्हणजे कुठले दार बंद आहे, कोणाचे नाव घेतले जात नाही हे ओळखण्याचे काम, तिच्याकडे येत नाही. गॉथिक प्रणयकादंबरीत नेमके तेच काम तिचे असते. परक्या घरात आलेली, त्या घरातल्या माणसावर जीव जडलेली आणि तरीही त्याच्यावर पूर्ण विश्वास न टाकू शकणारी स्त्री हा या प्रकाराचा गाभा आहे. लग्न होऊन सासरी आलेल्या कोणाही मुलीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता नव्या कादंबरीकडे येते. इंग्रजीत मध्यंतरी हा प्रकार फार स्वस्त झाला होता. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेत अशा कादंबऱ्यांचे ढीग निघाले. मुखपृष्ठावर झोपण्याच्या झग्यात पळणारी मुलगी, मागे अंधारे घर आणि एकाच खिडकीत दिवा. त्याच काळात, १९६६ मध्ये, जीन ऱ्हिसची ‘वाइड सारगॅसो सी’ आली. ऱ्हिस मूळची कॅरिबियन बेटांतली. ‘जेन आयर’मध्ये माळ्यावर कोंडलेली वेडी बायको तिथलीच, आणि तिला बोलूच दिलेले नव्हते. ऱ्हिसने तिला बोलायला लावले. मग कळते की तिचे नाव बर्था नव्हतेच. ती आंत्वानेत. नवऱ्याने तिला परके नाव दिले, तिचा पैसा घेतला आणि दूरच्या थंड देशात नेऊन ठेवले. नंतर वेड. ‘रेबेका’तल्या नायिकेला तर शेवटपर्यंत स्वतःचे नावच मिळत नाही.

हे वाचताना मला परके वाटले नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नव्या नवरीचे नाव लिहायचे, हा आपल्या अनेक घरांतला हौसेचा विधी. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. या तिघींनी दिलेल्या नावाने मोठे काम केले. पण त्या दोन यमुना कुठे गेल्या, हा प्रश्न कोणा मराठी कादंबरीकाराने अजून विचारावा तसा विचारलेला मला दिसत नाही. (शकुंतलेची अंगठी ओळख पटवणारी होती, आपली अंगठी नेमके उलटे काम करते.)

अलीकडची कादंबरी म्हणजे सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाची २०२० ची ‘मेक्सिकन गॉथिक’. काळ १९५० चा. शहरात वाढलेली नोएमी डोंगरातल्या एका जुन्या घरात येते, कारण तिथे लग्न करून गेलेल्या चुलतबहिणीचे विचित्र पत्र आलेले असते. घर एका इंग्रज कुटुंबाचे, चांदीच्या खाणीवर उभे राहिलेले. बागेसाठी मातीसुद्धा युरोपातून आणलेली. भिंतींत बुरशी आहे आणि ती बुरशी जिवंत आहे; हा भाग मला थोडा अति वाटला, पण तो असो. खाणीत मेलेल्या स्थानिक मजुरांचे काय झाले, हे हळूहळू कळते तेव्हा अंगावर येते ते खरे. लेखिकेने प्रेमकथा सोडलेली नाही. नोएमी ज्याच्याकडे ओढली जाते तो त्याच घराण्यातला आहे, आणि त्याला त्या घरातून बाहेर काढता येईल का, हा प्रश्न शेवटपर्यंत ताणलेला राहतो. नव्या गॉथिकमध्ये प्रेमाने हिशेब मिटत नाही. हिशेब चुकता झाल्याशिवाय प्रेमाला जागा मिळत नाही.

हे मेक्सिकोचे झाले. आपल्याकडे असे घर कोणते? मी कोकणातल्या वाड्याकडे जाणार नाही. ‘तुंबाड’ने २०१८ मध्ये ते घर हिंदी पडद्यावर आणले, आणि त्यामागे धारपांच्या कथेचे बीज होते. आपले घर म्हणजे गढी. हा शब्द मराठीत आहे आणि तेलुगूतही आहे. निजामी राज्यात देशमुखांच्या गढीभोवती वेठबिगार होती, जमिनी गिळणे होते, आणि १९४६ नंतर तेलंगणात शेतकऱ्यांनी शस्त्रे उचलली ती याच गढ्यांविरुद्ध. रवींद्रनाथांनी १८९५ मध्ये ‘क्षुधित पाषाण’ लिहिली, तिचा नायक कोण, हे कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात मुद्दाम सांगते : निजामाच्या नोकरीतला कापसावरचा कर गोळा करणारा अधिकारी. तो दिवसा कर वसूल करतो आणि रात्री ओसाड महालातल्या अदृश्य स्त्रीच्या प्रेमात पडतो. गुलजारांच्या ‘लेकिन’मागे हीच कथा आहे.

पण शापाशिवायची गढी एका मराठी लेखकाने लिहिली. श्याम बेनेगलांचा ‘निशांत’, १९७५, पटकथा विजय तेंडुलकरांची. जमीनदाराचे भाऊ शिक्षकाच्या बायकोला, सुशीलाला, पळवून नेतात. धाकट्या भावाची बायको रुक्मिणी त्याच घरात आहे. म्हणजे एका छपराखाली दोन बायका, आणि सुशीला व धाकटा विश्वम यांच्यात तयार होणारे, नाव देता येऊ नये असे नाते. त्याला प्रेम म्हणावे तर लाज वाटते, आणि नाही म्हणावे तर तिच्यावर अन्याय होतो. शेवटी गाव गढीवर चालून जाते, तेव्हा दोषी-निर्दोष हा फरक उरत नाही. हे सगळे गॉथिक प्रणयकथेचे घटक आहेत, भूत नसलेले. सुशीलाने स्वतःच्या तोंडाने ही कथा सांगितली असती तर? ती कादंबरी मराठीत कोणी लिहिलेली नाही.

आणि ती इथल्या माणसाने लिहावी, असे मला वाटते. कारण पुण्या-मुंबईच्या लेखकाकडे नसलेले काहीतरी आपल्याकडे आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्या बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. किनवट गेले, राजुरा गेले. तिकडून मुधोळ आणि भैंसा इकडे आले. सोयरिकी मात्र रेषेला विचारून होत नाहीत. आजही किनवटची मुलगी बोथकडे सून म्हणून येते. तिचे शिक्षण मराठीत झालेले, घरातली मुले तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात, शेतावरची माणसे गोंडीत बोलणारी. रॅडक्लिफच्या नायिकेला किल्ला कळत नव्हता तो अंधारामुळे. हिला घर कळत नाही ते भाषेमुळे. माझ्या वर्गातल्या मुली हे माझ्याशी बोलतात, पण निबंधात लिहीत नाहीत. हा विषय साहित्याचा आहे, असे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

एक इशाराही देते. अशी कादंबरी लिहिताना रान आणि रानातली माणसे यांना भीतीचे सामान करू नका. शहरी भयकथेने ते फार केले : काळोखे जंगल, ढोलाचा आवाज, कोणी मांत्रिक. गोंड परंपरेत मेलेले माणूस विधीनंतर कुळाच्या देवाला, पेर्सा पेनला, जाऊन मिळते. तिथे मृतांना घरात जागा आहे. भूत होऊन फिरावे लागते ते मोठ्या वाड्यांतल्या मृतांना, ज्यांचे नाव कोणी घेत नाही. गोंडांच्या जमिनी सावकार आणि बाहेरून आलेले लोक यांच्या हाती कशा गेल्या, हे फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकापासून याच जिल्ह्यात राहून नोंदवले. लिहिणाऱ्याने आधी ते वाचावे. भीती कोणाला कोणाची वाटायला हवी, ते नीट समजेल.

शेवटी, लिहू पाहणाऱ्यांसाठी एक सुरुवात सुचवते. जुन्या घरातली लाकडी पेटी. आत जमिनीचे कागद : काही मोडीत, काही उर्दूत, कारण निजामी राज्याचा कारभार उर्दूत चाले. घरातल्या कोणालाही आता या दोन्ही लिपी वाचता येत नाहीत. सून नवी आहे, नवरा चांगला आहे, आणि पेटी उघडायची नाही असे तिला पहिल्याच आठवड्यात हसत हसत सांगितले गेले आहे. हे कागद वाचून घ्यायला ती निर्मळला जाईल, आदिलाबादला जाईल, की माहेरच्या कोणा म्हाताऱ्याकडे, आणि वाचणारा तिला सगळे सांगेल की काही गाळेल, हे तुम्ही ठरवा. आपल्यापैकी कोणी लिहायला घेतली, तर पहिला खर्डा वाचायला मी तयार आहे.