बेघर आणि भुकेले : काही रूढ गैरसमज

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दारिद्र्यावरील प्रश्न आला की लोकसंख्यावाढ, निरक्षरता आणि बेरोजगारी ही तीन कारणे ठरलेल्या क्रमाने लिहिली जातात. उत्तरपत्रिका तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने हा क्रम मला पाठ झाला आहे. ही कारणे खोटी नाहीत. परंतु मोठ्या शहराच्या रेल्वे स्थानकाबाहेर रात्री झोपलेल्या माणसाला ती लावून पाहा. त्याच्या बाबतीत ती पुरेशी ठरत नाहीत. त्या माणसाला बहुधा काम असते आणि त्या कामासाठीच तो तेथे झोपलेला असतो.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. झोपडपट्टीवासी म्हणजे बेघर नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार झोपडपट्ट्यांत सुमारे साडेसहा कोटी लोक राहत होते, तर बेघरांची संख्या १७.७ लाख होती. पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, मोठे नळ, मंदिराचे आवार, रेल्वेचे फलाट अशा ठिकाणी उघड्यावर राहणाऱ्यांना जनगणना बेघर मानते. त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. त्या रात्री जो दिसला नाही, तो मोजलाही गेला नाही. २००१ मध्ये ही संख्या १९.४ लाख होती. म्हणजे दशकात ती घटली, असे उत्तर सहज लिहिले जाते. मात्र शहरी बेघर ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेले आणि घट झाली ती ग्रामीण भागात, हे एकूण आकड्यात दिसत नाही. त्याच २०११ मध्ये शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी होती. तेव्हा केवळ घरांचा तुटवडा हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

'हे लोक काम करीत नाहीत, भीक मागतात' हा सर्वांत जुना गैरसमज. मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांचे प्रकरण १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की, हे लोक कामाच्या जवळ राहावे म्हणून पदपथावर राहतात आणि तेथून हटविल्यास त्यांची उपजीविकाच जाते. उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात येतो, हे तत्त्व तुम्ही पाठ करता. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही आणि रीतसर प्रक्रियेनंतर त्यांना हटविण्यास मुभा दिली, हा निकालाचा उत्तरार्ध फारसा कोणी लिहीत नाही.

आता भुकेविषयी. धान्य नाही म्हणून माणूस उपाशी राहतो, हा समज अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे विश्लेषण करून खोडून काढला. आपल्याकडे २००१ मध्ये सरकारी गोदामांत सुमारे सहा कोटी टन धान्य असताना अनेक राज्यांतून उपासमारीच्या बातम्या येत होत्या. त्या विसंगतीतूनच अन्नाच्या हक्काची याचिका आणि पुढे २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देय आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत दिले जाऊ लागले.

येथे नवा गैरसमज सुरू होतो. धान्य मोफत असताना कोणी भुकेला कसा राहील?

काही वर्षांपूर्वी एका पाहणीच्या वेळी मला रेल्वेच्या पार्सलची ओझी वाहणारा एक हमाल भेटला. गावाकडच्या शिधापत्रिकेवर त्याचे नाव होते. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे आपल्या वाट्याचे धान्य शहरातही उचलता येते, हेही त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, "साहेब, गहू आणीन. पण दळून आणला तरी भाजू कुठे?" चूल मांडायला जागा नाही, भांडी ठेवायला कुलूपबंद कोपरा नाही, पावसात पीठ भिजते. म्हणून तो दोन्ही वेळा गाडीवरचे विकत घेऊन खात असे. मोफत धान्याचा हक्क असलेला माणूस अन्नासाठी तुमच्या-माझ्या घरापेक्षा अधिक दाम मोजत होता. अर्थशास्त्रात घराला आपण उपभोगाची वस्तू मानतो. या हमालाच्या दृष्टीने ते उत्पादनाचे साधन होते, कारण तेथेच गव्हाची पोळी होऊ शकली असती. शिवाय त्याच्यापाशी साठा नसतो. ताप आला की त्या दिवसाची मजुरी बुडते आणि जेवणही त्याच दिवशी बुडते. ही भूक आकडेवारीत सहसा उमटत नाही. कौटुंबिक पाहण्यांचा नमुना घरांच्या यादीतून निवडला जातो. ज्याला घरच नाही तो यादीत येणार कसा?

या दृष्टीने स्वस्त शिजवलेले अन्न देणारी केंद्रे मला महत्त्वाची वाटतात. चेन्नईत २०१३ मध्ये अम्मा उपाहारगृहे एक रुपयात इडली देऊ लागली. महाराष्ट्रात २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. त्यांच्यावरील खर्चाची टीका मी वाचली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. परंतु चूल नसलेल्या माणसाला धान्य देण्याचाही खर्च होतोच, आणि ते त्याच्या पोटात जात नाही.

शेवटी निवाऱ्यांविषयी. २०१० च्या कडाक्याच्या हिवाळ्यात सर्वोच्च न्यायालयाने शहरांत बारमाही निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय आणि प्रत्येकी ५० चौरस फूट जागा हे निकष घातले. निवारे रिकामे दिसले की 'या लोकांनाच रस्ता आवडतो' असा शेरा मारला जातो. त्याच मार्गदर्शक सूचनांत निवारा बेघरांच्या वस्तीजवळ आणि कामाच्या ठिकाणाजवळ असावा, असेही लिहिले आहे. माझा हमाल पहाटे तीनला पार्सल गाडीवर हजर असे. त्याला दाखविलेला निवारा स्थानकापासून सात किलोमीटरवर होता आणि पहाटेच्या त्या वेळी तेथून स्थानकाकडे येणारी एकही बस नव्हती.