विम्याचा हप्ता आणि माणसांची साखळी

चिखली गांवांत एक निवृत्त गुरुजी राहतात, अशी कल्पना करावी. एके सायंकाळीं त्यांचा जुना विद्यार्थी घरीं येतो, पायां पडतो आणि म्हणतो, "गुरुजी, आपण एक विमा उतरवा आणि पांच माणसें जोडा. त्या पांचांनीं प्रत्येकीं पांच जोडावीं. मग सर्वांच्या हप्त्यांतून आपणांस घरबसल्या वांटा मिळत राहील." गुरुजींच्या शब्दाला गांवांत मान आहे, विद्यार्थी आला आहे तो त्या शब्दासाठींच.

हा हिशेब पाटीवर मांडून पाहावा. पहिल्या पायरीवर ५, दुसरीवर २५, तिसरीवर १२५. याप्रमाणें नऊ पायऱ्यांची बेरीज २४,४१,४०५ होते. २०११ च्या जनगणनेंत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या, पाळण्यांतलीं मुलें धरून, २५,८६,२५८ होती. म्हणजे दहावी पायरी भरण्यास जिल्ह्यांत माणसेंच पुरत नाहींत. शिवाय साखळी कोठेंहि तुटली तरी शेवटच्या पायरीवरचीं माणसें सर्वांत अधिक असतात, आणि त्यांच्या खालीं कोणीच नसतें.

दुसरा प्रश्न खुद्द विम्याचा. मिळवतें माणूस अकालीं गेलें तर मागें राहिलेल्यांची तरतूद व्हावी, हा आयुर्विम्याचा हेतु. १९१३ सालीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी निघाली. १९५६ सालीं ती इतर कंपन्यांबरोबर आयुर्विमा महामंडळांत विलीन झाली. मालकी बदलली, हेतु बदलला नाहीं. साखळींत शिरणारा मात्र विमा घेतो तो वांट्याच्या आशेनें. वांटा आला नाहीं कीं हप्ता जड होतो. आणि तो आरंभींच थांबला तर भरलेल्या पैशांतून फारच थोडें परत मिळतें, शिवाय कुटुंबाचें संरक्षणहि जातें.

कायदाहि या बाबतींत स्पष्ट आहे. १९३८ च्या विमा कायद्यांत २०१५ सालीं दुरुस्ती झाली. तींतील कलम ४२-ए अन्वयें अशा बहुस्तरीय साखळीच्या योगें विमा घेण्याचें आमिष दाखविण्यास मनाई आहे. विमा-प्रतिनिधि व्हावयाचें असेल तर सरळ मार्ग खुला आहे: परीक्षा उत्तीर्ण व्हावी, कंपनीची नेमणूक घ्यावी आणि स्वतः आणलेल्या विम्यावर दलाली मिळवावी.

तेव्हां गुरुजींनीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: उद्यां एकहि नवा माणूस जोडला गेला नाहीं, तरी हा विमा घ्यावासा वाटेल काय? उत्तर नकारार्थी असेल तर सही करूं नये. सही आधींच झाली असेल तर पॉलिसी हातीं आल्यापासून ३० दिवसांच्या आंत ती परत करतां येते.

आणि चहा पुढें ठेवून त्या विद्यार्थ्यालाहि विचारावें, "बाळ, तूं स्वतः आजवर किती हप्ते भरलेस?" कारण बहुधा तोहि कोणाच्या तरी खालच्या पायरीवर उभा असतो.